बिब्बा उतला, पण मला काळजी चपलेची आहे

सिस्टर, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमची पाच एकर कोरडवाहू आहे. सासूबाई 61 वर्षांच्या आहेत, अजूनही कापसाच्या वेचणीला जातात. दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे धरले आहेत. आधी त्या रुईचं पान तेल लावून बांधायच्या, मग चुलीतल्या विटेचा सेक सुरू केला. मागच्या महिन्यात विटेने टाचेजवळ भाजलं. ते त्यांना कळलंच नाही, दुसऱ्या दिवशी मी दाखवलं तेव्हा दिसलं. पाच दिवसांपूर्वी शेजारच्या आजीने बिब्बा तापवून त्याचं तेल गुडघ्याला लावून दिलं आणि वरून एरंडाचं पान बांधलं. दुसऱ्या दिवशी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी मोठमोठे फोड आले. मधली जागा काळी पडली आहे, मांडीवर आणि हातावरही पुरळ उठलं आहे. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, "पाणी निंगून राह्यलं म्हणजे वात निंगून राह्यला, निंगू दे त्याले." दीर म्हणतात, बाजूच्या गावात एक जण तापल्या लोखंडाने डाग देतो, एकदा डाग दिला की गुडघा कायमचा मोकळा. मी बोलले तर "चार बुकं शिकली म्हणून आमाले शिकवते" असं ऐकावं लागतं. त्यांना साखर वगैरे काही नाही, म्हणजे कधी तपासली नाही. रात्री दोन-तीनदा उठतात, पण ते वयाने असेल. चालता चालता चप्पल पायातून निघून जाते आणि यांना पत्ता नसतो, आम्ही सगळे हसतो. मी काय करू?

— एक सून

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्ही पत्राखाली दिलेल्या नंबरवर फोन करून तातडीचं तेवढं सांगितलं. फोड फोडू नका, उद्याच्या उद्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, न्या. तुम्ही "नेते" म्हणालात. बाकीचं इथे लिहिते आहे, कारण अशी पत्रं मला वेचणीच्या हंगामात दरवर्षी येतात आणि त्यातल्या निम्म्यांमध्ये बिब्बा असतोच.

आधी माझं सांगते. मी 31 वर्षं उपकेंद्रात सिस्टर होते, तरी माझ्या डाव्या टाचेला अजून काळा डाग आहे. भेगा पडल्या म्हणून माझ्या आजीने सुई टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला आणि त्याचं तेल थेंब थेंब भेगेत सोडलं. चुर्र झालं. मी ओरडले तशी ती म्हणाली, "झालं न व माय, आता भेग मरते." भेग मेली की नाही आठवत नाही, पण आठ दिवस मी पंजावर चालत शाळेत गेले. सांगायचं एवढंच, की शेजारच्या आजीवर माझा राग नाही. तिने जे केलं ते तिला तिच्या आजीने दिलेलं आहे.

आता तो गुडघा. बिब्ब्याच्या टरफलात जे काळं, चिकट तेल असतं ते दोन तऱ्हांनी त्रास देतं. एक तर ते कातडीला सरळ जाळतं. दुसरं म्हणजे पुष्कळांच्या अंगाला ते सोसत नाही, आणि मग एक-दोन दिवसांनी खाज, सूज, पाण्याचे फोड सुरू होतात. यालाच आपण बिब्बा उतणं म्हणतो. आंब्याचा चीक तोंडाला लागून फोड येतात ना, तीच जात. आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. धोबी पूर्वी कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरायचे, कारण तो डाग धुऊन जात नाही, आणि कातडीवरही बरेच दिवस राहतो. मांडीवर, हातावर जे पुरळ आहे ते बहुतेक बोटांना लागलेलं तेल तिथे पोचल्यामुळे, किंवा अंगाने एकदा बिब्ब्याशी वैर धरल्यामुळे. फोडातलं पाणी लागून ते पसरत नाही, त्यामुळे सासूबाईंना हात लावायला घाबरू नका. मात्र त्या दिवशी बांधलेली चिंधी, नेसलेलं लुगडं, पांघरूण वेगळं काढून साबणाने धुवा, नखं कापा आणि नखांखालचं घासून काढा. तेल लागल्या लागल्या साबण आणि भरपूर पाण्याने धुतलं असतं तर बरंच वाचलं असतं. पाचव्या दिवशी धुण्याने फार काही होत नाही, तरी भोवतीची कातडी स्वच्छ हवी.

आपण मराठी माणसं जमत आलेल्या कामाची कोणी माती केली की "बिब्बा घातला" म्हणतो. भाषेला पक्कं ठाऊक आहे, गुडघ्याला सांगायचं तेवढं राहून जातं. आयुर्वेदाचे वैद्य बिब्बा वापरतात, हे खरं. पण ते तो आधी विटेच्या भुकटीत घासून त्याचं तेल उतरवतात, आणि तेही माणूस पाहून. दिव्यावर तापवून गुडघ्यावर ओतणं आणि तो प्रकार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सासूबाईंचं ते वाक्य, "पाणी निंगून राह्यलं म्हणजे वात निंगून राह्यला," मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते मला ओवीसारखं वाटतं. फोडात जे पाणी दिसतं ते गुडघ्यातून आलेलं नाही. कातडी जळली की तिच्या वरच्या आणि खालच्या थराच्या मध्ये रक्तातलं पाणी झिरपून साचतं, जसं गरम तव्याला बोट लागल्यावर बोटावर साचतं. बोटात कुठे वात होता? सांध्याचं दुखणं आत, हाडांमधली गादी झिजल्याने, आणि तिथून कातडीकडे पाझरायला वाटच नाही.

मग लोकांना बरं का वाटतं? वाटतं, हे मी नाकारत नाही. दाढ ठणकत असताना कोणी पाय तुडवला तर क्षणभर दाढेचा विसर पडतो, तसं हे आहे. वरच्या आगीपुढे आतलं दुखणं दबतं. शिवाय गुडघ्याचं दुखणं चढतं-उतरतं असतं. वेचणीत आठ-दहा दिवस वाकून, उकिडवं बसून ते टिपेला जातं, तेव्हाच बिब्बा लागतो. मग फोड आले म्हणून माणूस घरी बसतो, गुडघ्याला आराम मिळतो, दुखणं आपसूक उतरतं आणि श्रेय बिब्बा घेऊन जातो. तुमच्या सासूबाई पाच दिवस वेचणीला गेल्या नसतील. बरं वाटत असेल तर ते त्या पाच दिवसांमुळे.

पीएचसीत काय होईल ते सांगते, म्हणजे त्यांना घेऊन जाताना धीर देता येईल. जखम साफ करून चिकटणार नाही अशी पट्टी ठेवतील, खाजेची आणि सुजेची गोळी किंवा मलम देतील, धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर देतील. घरी तुम्ही हळद, तुरटी, राख, टूथपेस्ट, पाल्याची पूड, काही म्हणजे काही त्यावर टाकू नका. मी पट्टी सोडताना हळदीचा वाळलेला पापुद्रा आणि कातडी एकत्र निघालेली पाहिली आहे. तो आवाज विसरता येत नाही. लाली वाढत गेली, पू किंवा वास आला, ताप आला तर त्याच दिवशी परत न्या. लघवी कमी व्हायला लागली किंवा तिचा रंग काळपट झाला तर रात्र असली तरी न्या, कारण बिब्ब्याचं तेल अंगात जास्त गेलं तर मूत्रपिंडालाही बाधू शकतं.

इथपर्यंत तुम्ही विचारलं त्याचं उत्तर झालं. तुम्ही न विचारलेलं आता सांगते, आणि तेच मोठं आहे.

विटेने भाजलं आणि कळलं नाही. चप्पल निघून जाते आणि पत्ता नसतो. रात्री दोन-तीनदा उठतात. या तीन ओळी तुम्ही तीन वेगवेगळ्या जागी, जाता जाता लिहिल्या आहेत. मी त्या एकापुढे एक ठेवल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात. आधी मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं, मग काहीच वाटत नाही. चप्पल निसटलेली न कळणं ही त्याची अगदी नेहमीची खूण आहे. यात हसण्यासारखं वाटतं हे खरं, मीसुद्धा नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाबांना हसले होते. त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडून चार दिवस झाले होते आणि ते त्याच पायाने शेतात जात होते. नंतर त्यांचा अंगठा काढावा लागला.

घरी एक साधी परीक्षा करा, डॉक्टरही करतात. सासूबाईंना खाटेवर आडवं करा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या बोटाच्या टोकाने त्यांच्या पायाच्या अंगठ्याला हलकेच हात लावा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, खाजवायचं नाही, नुसतं टेकवायचं. मग मधल्या बोटाला, मग करंगळीला. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. "लागलं" म्हणून त्यांनी सांगायचं, तुम्ही विचारायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांचं त्यांना कळलं नाही तर नसांची संवेदना गेली आहे असं धरून चला. कळलं तरी साखर तपासायचीच. पीएचसीत आणि उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या माणसांची साखर आणि बीपी फुकट तपासतात, आशाताईंना सांगितलं तर त्याच दिवस ठरवून देतील. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, किंवा जेवणानंतर दोन तासांनी 200 किंवा जास्त आली तर डॉक्टर पुढची तपासणी आणि गोळी सांगतील. साखर चढलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही, त्यामुळे गुडघ्याच्या फोडांसाठीसुद्धा हा आकडा कळायला हवा.

साखर नीट निघाली तर विषय संपत नाही. डॉक्टरांना अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का तेही पाहायला सांगा. आपल्या विदर्भाला हे वेगळं सांगायला नको. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं, पुढे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं. जुन्या रुग्णांची बोटं गेली ती बरीचशी रोगाने झडून नव्हे, तर न कळलेल्या चटक्यांनी आणि चिघळलेल्या जखमांनी. चहाची गरम भगुनी हाताने उतरवायची, हात भाजायचा, कळायचं नाही. आज त्यावर सहा महिने ते वर्षभर गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात मोफत. सासूबाईंना कुष्ठरोग आहे असं मी म्हणत नाही, साखरच असावी असा माझा अंदाज आहे. पण भाजलेलं न कळणं हे कधीही "वयाने असेल" म्हणून सोडायचं नसतं.

आणि म्हणून डाग द्यायचं तर नावही काढू नका. आधीच अर्ध्या बधिर पायावर, उतलेल्या कातडीशेजारी, तापलेलं लोखंड! सांध्याजवळची जखम चिघळून पू आत सांध्यात गेला तर गुडघा कायमचा "मोकळा" होईल, पण दिरांना म्हणायचं आहे तसा नाही. मेळघाटात लेकरांच्या फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. तिथलं लेकरू निदान रडून सांगतं. तुमच्या सासूबाई कदाचित हसत हसत डाग घेतील. दिरांना ही एवढी गोष्ट माझ्या नावाने वाचून दाखवा.

आता सासूबाईंना नेणार कसं. "तुमचं औषध चुकलं" म्हणालात की दार बंद. त्याऐवजी त्यांच्याच शब्दात सांगा, "आई, बिब्बा उतला." हा शब्द त्यांच्या आईच्या आधीपासून चालत आला आहे. बिब्बा एखाद्याला सोसतो, एखाद्याला उततो, हे त्यांना मान्य आहे. उतला म्हटल्यावर शेजारच्या आजीचाही मान राहतो, बुकं शिकलेल्या सुनेचं शहाणपणही मध्ये येत नाही, आणि उतलेल्या बिब्ब्याला उतार हवा हे ओघानेच येतं. शक्य असेल तर त्या आजीलाच सोबत घ्या. मी हा डाव कितीतरी घरांत खेळले आहे. औषध देणारी बाई गाडीत बसली की पेशंट आपोआप बसतो.

गुडघ्याचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि नुसतं "हे करू नका" म्हणून कोणाचं दुखणं थांबत नाही. सेक घ्यायला हरकत नाही, पण फोड पूर्ण भरल्यावर, आणि वीट अजिबात नको. विटेचा ताप बाहेरून कळत नाही, ती आतली आग बराच वेळ सोडत राहते. 60 अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी जाळतं हे सगळ्यांना पटतं. पण अवघ्या 44 अंशांची, म्हणजे हाताला नुसती ऊनशी लागणारी गोष्ट सहा तास चिकटून राहिली तरी भाजतं, हे कोणाला खरं वाटत नाही. सासूबाई विटेला पाय लावून झोपत असतील, तिथेच टाच गेली. यापुढे कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल, पंधरा मिनिटं, आणि पाणी किती गरम ते तुम्ही तुमच्या कोपराने पाहायचं, त्यांनी नाही. पायाच्या पंजांना सेक द्यायचाच नाही. बाम लावला असेल तर त्यावर सेक नको, तेही भाजतं.

खाटेच्या किंवा खुर्चीच्या काठावर बसून पाय सरळ समोर उचलायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. एका पायाचे दहा, मग दुसऱ्याचे, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. महिना-दीड महिना लागेल, फोडांसारखं तिसऱ्या दिवशी काही दिसणार नाही, आणि हीच याची अडचण आहे. संडासात बसायला खुर्ची, स्वयंपाकाला ओटा नसेल तर उंच पाट, निंदायला-वेचायला जमेल तितकं उकिडवं न बसता. सगळं जमणार नाही, मला ठाऊक आहे. कपाशी काही खुर्चीवर बसून वेचता येत नाही. जेवढं जमेल तेवढं.

मलम हवं असेल तर डॉक्टरांकडून घ्या. गंमत म्हणजे त्यातल्या काहींत मिरचीतलाच तिखट अंश असतो, कॅप्सायसिन म्हणतात. म्हणजे आपल्या आज्यांचा होरा सगळाच चुकीचा नव्हता, वरच्या आगीने आतलं दुखणं दबतं हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. फक्त मलमात तो शंभर भागांत एक भागाच्याही पुष्कळ खाली असतो आणि फुटलेल्या कातडीवर लावत नाहीत. मिरचीचा ठेचा गुडघ्याला बांधणं वेगळं. बाजारात गाडीवर "सांधेदुखीची जडीबुटी" म्हणून पांढरी पुडी विकतात ती मात्र नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवस माणूस पळायला लागतो आणि साखर आभाळाला टेकते.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. मुरगळल्यावर चुना-गूळ बांधणं आपल्याकडे सर्रास आहे. ओला चुना कातडीवर रात्रभर राहिला तर तो भाजतो, तेही खोलवर, आणि सुरुवातीला फारसं दुखत नाही. चुना लागलाच तर खूप वेळ वाहत्या पाण्याखाली धरा, लिंबू-व्हिनेगर चोळत बसू नका. रुईचं पान लावणाऱ्यांनी हात न धुता डोळ्याला लावू नये, त्या चिकाने डोळ्यावर पडदा आलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना तो चीक गेला तेव्हा दुखलंही नव्हतं. ठेचलेला लसूण लेकराच्या तळपायाला बांधून झोपवू नये, सकाळी फोड दिसतो. आणि कशानेही भाजलं तर आधी वीस मिनिटं साधं पाणी. बर्फ नाही, तेल नाही.

ताई, उरलेला बिब्बा घरात असेल तर चिंधीत बांधून डॉक्टरांना दाखवायला न्या, हाताला लागू देऊ नका. आणि येत्या बाजारात सासूबाईंना मागून पट्टा असलेली, मऊ तळव्याची चप्पल घ्या. माप त्यांचा पाय ठेवून घ्या, "मले बसते" म्हणाल्या तरी तुमचं बोट घालून पाहा, कारण घट्ट असलेली त्यांना कळणार नाही. रोज सकाळी घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा नाही ना, खिळा वर आला नाही ना. रात्री झोपताना दोन्ही तळवे दिव्याजवळ धरून पाहायचे. त्यांना वाकता येत नाही, तेव्हा ते तुमच्याकडे. साखरेचा आकडा काय आला ते मला कळवा.